गाड्या होत्या तशा उभ्या करा

आमच्या कॉलनीत सकाळी कचऱ्याची गाडी येते. वळायला जागा नसल्यामुळे ती गल्लीतून उलटी बाहेर निघते, आणि मागे सरकताना तिच्यातलं यंत्र सारखं टींटीं करत राहतं. शेजारपाजारचे वैतागतात. मला मात्र गुल्हाने वकील आठवतात. त्यांच्या काळी हे काम यंत्राकडे नव्हतं. वरुडला, निदान आमच्या गल्लीपुरतं तरी, ते गुल्हाने वकिलांकडे होतं. कोणाचीही गाडी मागे येऊ लागली की हा काळ्या कोटातला माणूस हातातलं काम टाकून तिच्यामागे जाऊन उभा राहायचा, तळहाताने पत्र्यावर थाप द्यायचा आणि म्हणायचा, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बस." कोणी बोलावलेलं नसायचं. गाडीवाला ओळखीचा असो नसो, काम झालं की ते हात झटकून आपल्या जागी परत जायचे.

मी तेव्हा वरुडच्या दिवाणी कोर्टात स्टेनो होते. पहिलीच नेमणूक, माहेर अमरावतीला, आणि राहायला गुल्हाने वकिलांच्या घरासमोर वरच्या मजल्यावरची एक खोली. दिवसभर कोर्टात त्यांचं बोलणं टाइप करायचं आणि संध्याकाळी खिडकीतून त्यांचं गप्प बसणं पाहायचं, अशी आमची ओळख. ते मला 'स्टेनोबाई' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

उंच, किडकिडीत माणूस. कोटाची पाठ कायम धुळीने माखलेली, कारण गाडीखाली आडवं होऊन पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. कोर्टात अगदी शुद्ध बोलायचे आणि कोर्टाची पायरी उतरली की वऱ्हाडीवर यायचे, जणू ती शुद्ध भाषा कोर्टातच खुंटीला टांगून आले. हसताना मी त्यांना फार कमी पाहिलं. चिडतानाही नाही. चिडणारा माणूस परवडतो, असं मला पुढे पुढे वाटू लागलं होतं.

त्यांच्याकडे फक्त गाड्यांचे दावे यायचे. वाटण्या, शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची भांडणं, वारसाहक्क ही वकिलीतली बरकतीची कामं दुसऱ्यांकडे. ज्या अपघातात माणूस जायचा तो दावा अमरावतीला जायचा. ज्यात नुसती गाडी जायची, तो आमच्याकडे. वाकलेलं मडगार्ड, फुटलेला दिवा, ट्रॉलीने खरवडलेली जीप, उभ्या मोटरसायकलवर पडलेल्या संत्र्यांच्या पेट्या. दाव्यातलं वाक्य ठरलेलं: प्रतिवादीने भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून वादीच्या वाहनाचे नुकसान केले. ते टाइप करताना माझी बोटं आपोआप चालायची, डोकं घरी काय शिजवायचं याचा विचार करत असायचं.

वर्षं वाईट होती. वरुड, शेंदुरजनाघाट हा सारा पट्टा संत्र्याचा. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल जात राहिले आणि तरी बागा उभ्या उभ्या वाळल्या. ज्या ट्रॅक्टरवरून संत्री जायची, त्याच ट्रॅक्टरवरून संत्र्याची लाकडं जाऊ लागली, जळणाला. अशा दिवसांत माणसं एका फुटलेल्या दिव्यासाठी कोर्टात यायची. आमच्या साहेबांना, म्हणजे न्यायाधीशांना, त्याचं हसू यायचं. गुल्हाने वकिलांना यायचं नाही. एकदा जिन्यात मला म्हणाले, "स्टेनोबाई, पान्यावर दावा नाई लावता येत. मंग मानूस समोरच्या गाडीवर लावते. त्याले हसू नोका." मी तर हसलेही नव्हते.

त्यांची काम करायची एक रीत होती. पक्षकार दारात आला की ते कागद पाहत नसत, त्याची कैफियत ऐकत नसत. विचारायचे, "जागा कोनती?" आणि दुसऱ्या दिवशी वादी, प्रतिवादी, दोघांच्या गाड्या, सगळा लवाजमा अपघाताच्या जागी. तिथे गेल्यावर एकच हुकूम: "गाड्या होत्या तशा उभ्या करा." अंदाजाने सांगितलेलं चालायचं नाही. चाक कुठे होतं, तोंड कुठे होतं, स्टँड कोणत्या बाजूला, सगळं तसंच पाहिजे. बोटभर इकडेतिकडे झालं तरी ते पुन्हा सरकवायला लावायचे.

शेंदुरजनाघाटच्या रस्त्यावरची अशी एक जागा पाहणी मी स्वतः पाहिली. एका गुरुजींच्या स्कूटरेटला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने उडवलं होतं. गुरुजी आमच्या वकिलांचे पक्षकार. मी त्या गावाहून एसटीने परतत होते आणि एसटी थांबली, कारण रस्त्याच्या मधोमध ट्रॅक्टर आडवा, त्याच्या चाकाला टेकवून गुरुजींची गाडी, आणि गाडीखाली गुल्हाने वकील. पलीकडून लग्नाची वरात असलेला ट्रक येऊन अडला होता. नवरदेव बाशिंग सावरत खाली उतरला.

"साहेब, जाऊ द्या ना गाडी."

"थांबा नवरदेव, इथं न्याय होऊन राहिला."

"तिकडं मुहूर्त होऊन राहिला नं साहेब."

वकील गाडीखालून निघाले, धूळ न झटकता गुरुजींसमोर उभे राहिले. "गुरुजी, चूक तुमची हाये. तुमी उजवीकडून येऊन राहिले होते."

गुरुजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. "पन साहेब, वकील तं तुमी माहे ना?"

"म्हनून तं पयले तुमाले सांगतलं."

मग दोन्ही पक्षांनी रस्त्याकडेच्या एकाच टपरीवर चहा घेतला, वरात गेली, आणि तो दावा कधी दाखलच झाला नाही. त्यांचे निम्मे दावे असेच रस्त्यावर संपत. बाररूममध्ये यावरून त्यांची फार टिंगल चालायची. पक्षकाराला स्वतःच हरवून घरी पाठवणारा वकील, म्हणत. एकदा भर कोर्टात ते आपल्याच साक्षीदाराला म्हणाले, "तुम्ही म्हणता त्या जागी तुमची जीप उभी राहूच शकत नाही, तिथे नाली आहे." साहेबांनी चष्मा काढला. "गुल्हाने, तुम्ही नेमके कोणाच्या बाजूने?" "गाडीच्या, साहेब," ते म्हणाले, आणि त्यात त्यांना काही विनोदी वाटलं नाही. मी ते टाइप करावं की नाही म्हणून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवून नको म्हटलं.

घरी ते एकटेच. बायको मुलीच्या शिक्षणासाठी अमरावतीला बिऱ्हाड करून राहिली होती. मुलगी शिकली, तिचं लग्न झालं, ती नवऱ्याकडे गेली, पण बायको परत आली नाही. भांडण नव्हतं, काही नव्हतं. सणावाराला ते एसटीने जायचे आणि एसटीने परत यायचे. मला वाटतं, प्रत्येक गोष्टीत बरोबर काय ते लगेच सांगणाऱ्या माणसाबरोबर राहणं त्या बाईला जड गेलं असावं. कोणालाही गेलं असतं.

एका माणसाला मात्र ते जड गेलं नाही. रशीदभाई.

रशीदभाईंचं घर गल्लीच्या टोकाला. त्यांचा मेटाडोर होता, बागेतून संत्री उचलून बाजारात पोचवायची. गोल चेहरा, मेंदीने लाल झालेली दाढी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण शहाणे वाटावं. त्यांचा धंदा सारा तोंडी चालायचा. बागवान सांगायचा तेवढा माल, रशीदभाई म्हणायचे तेवढा पोचला. पावती नाही, सही नाही. "रशीदभाईनं सांगतलं ना, मंग झालं," एवढं बाजारात पुरे असायचं.

गल्ली अरुंद, म्हणून मेटाडोर संध्याकाळी चौकातून उलटा आत यायचा. चौकात हॉर्न वाजला की वकील ओट्यावरून उतरून मागे जाऊन उभे. "येऊ द्या... येऊ द्या..." गाडी दारात लागली की रशीदभाई हातपाय धुऊन, नमाज आटपून वकिलांच्या ओट्यावर यायचे. वकील स्वतः चहा करत, त्यात आलं इतकं की वास माझ्या खिडकीपर्यंत यायचा. मग दोघं बसायचे. काही वेळाने रशीदभाई म्हणायचे, "आज काय, वकीलसाब?" वकील म्हणायचे, "आज काई नाई. तुमचं?" "आपलं बी काई नाई." झालं, एवढंच. तरी उठताना दोघांचेही चेहरे खूप गप्पा मारल्यासारखे असायचे. रमजानमध्ये तर वकीलसुद्धा संध्याकाळचा चहा अजान होईपर्यंत घेत नसत. कोणी विचारलं तर सांगायचे, "एकट्यानं गोड नाई लागत." हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी खिडकीतून आत सरकले होते. मी स्वतः त्या परक्या गावात एकटी जेवत होते, आणि ओट्यावरच्या त्या दोन माणसांकडे पाहून मलाही सोबत मिळाल्यासारखं वाटायचं.

ते सगळं ज्या संध्याकाळी मोडलं, ती मी पाहिली आहे. अशा वेळी माणसाने खिडकीत नसावं असं वाटतं.

बाजाराचा दिवस होता. चौकात फळवाले, दलाल, पानाच्या ठेल्यावर बाररूमचे एक वकील आणि त्यांची दोनचार टाळकी. गुल्हाने वकिलांच्या ओट्यावर पक्षकार बसले होते, बरेच जण, सगळे एकदम बोलणारे. वकील कोर्टातून घाईने आलेले, स्कूटर दारातल्या उतारावर उभी करून तसेच कामाला बसले. रोज ते ती भिंतीला लावून, स्टँड दोनदा हलवून पाहून मगच सोडत. त्या दिवशी स्टँड अर्धवट लागलं होतं.

चौकात हॉर्न झाला. वकिलांनी मान वर केली, पण बोलणारे त्यांना सोडत नव्हते. रशीदभाईंनी जरा वाट पाहिली. मग ते स्वतः खाली उतरले, मागे येऊन गल्ली नीट पाहिली, परत चढले आणि सावकाश मेटाडोर मागे घेऊ लागले. तेवढ्यात स्कूटरचं स्टँड सुटलं. ती उतारावरून आपणहून गडगडत गेली आणि मेटाडोरच्या मागच्या बंपरखाली आडवी झाली. पत्रा चेपल्याचा आवाज झाला आणि चौक धावला.

"गाडीवाल्या वकिलाची गाडी!" कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले. ठेल्यावरचे वकीलसाहेब पान चघळत पुढे आले. असा दिवस उजाडायची ते किती वर्षं वाट पाहत होते कोण जाणे. "काय गुल्हाने साहेब, आता हयगय कोनाची म्हनायची?"

गुल्हाने वकील ओट्यावरून उतरले होते. त्यांनी तोंड उघडण्याआधीच रशीदभाई बोलले. त्यांनी एकदा त्या पानवाल्या वकिलाकडे पाहिलं, एकदा गुल्हाने वकिलांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे, आणि मोठ्याने म्हणाले, "माही. मी मांगं पायलंच नाई. वकीलसाबची गाडी बराबर उभी होती. माही चूक."

तिथे गप्प बसायचं होतं. दुसऱ्या कोणीही गप्प बसून पुढे रात्रभर मित्राचे आभार मानले असते.

"नाई," गुल्हाने वकील म्हणाले. "तुमी खोटं बोलून राहिले, रशीदभाई. तुमी उतरून पायलं. मी माह्या डोयानं पायलं. स्टँड मीच नीट नवतं लावलं. तुमी खोटं बोलून राहिले."

रशीदभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. "ठीक हाये, वकीलसाब," ते म्हणाले. दोघांतिघांनी स्कूटर ओढून बाजूला केली आणि रशीदभाईंनी मेटाडोर दारात नेला. त्या दिवशी मागे कोणी उभं नव्हतं.

एवढ्यावर मिटलंही असतं. पण बाजाराला गंमत सापडली होती. दुसऱ्या दिवसापासून रशीदभाईंनी माल पोचल्याचं सांगितलं की कोणीतरी म्हणायचं, "खरं सांगा बापा, वकीलसाब तं म्हनते तुमी खोटं बोलता." मनात कोणाच्या काही नव्हतं, नुसती थट्टा. रशीदभाई आधी हसले, मग हसायचे थांबले. शब्दावर उभा असलेला माणूस तो, आणि रोज त्याच्या शब्दाशी लोक खेळत होते. ते ओट्यावर यायचे बंद झाले.

गुल्हाने वकिलांना हे कळतच नव्हतं, आणि हे मी अगदी शपथेवर सांगते. चहाच्या वेळी ते दोन कप घेऊन बसायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, तुम्ही त्यांची माफी मागा. ते म्हणाले, "कायची? चूक माही होती, थे मी सांगतलंच ना सगळ्याईसमोर." त्यांच्या लेखी त्यांनी मित्रावरचा खोटा आळ दूर केला होता. तो आळ मित्राने हौसेने घेतला होता, हे त्यांच्या कोणत्याच खान्यात बसत नव्हतं.

शेवटी त्यांनी मिटवायचं ठरवलं, तेही कसं पाहा. एका रविवारी सकाळी स्कूटर ढकलत रशीदभाईंच्या दारात गेले. चेपलेला पत्रा त्यांनी दुरुस्त करून घेतला नव्हता. रशीदभाईंनी पाठवलेल्या मिस्त्रीलाही परतवून लावलं होतं. दारातून म्हणाले, "रशीदभाई, चला, गाड्या होत्या तशा उभ्या करू. तुमाले सोताले दिसन चूक माही होती म्हनून." 

रशीदभाई दारात आले. "जागा मी पायली हाये, वकीलसाब," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर रशीदभाई चौकाकडून येईनासे झाले. मागच्या नालीकडून एक वाट होती, लांबची, खड्ड्यांची. त्या वाटेने मेटाडोर सरळ तोंडाने घरापर्यंत जायचा, मागे घ्यावाच लागायचा नाही. इंजिनाचा आवाज आला की वकील ओट्यावरून अर्धे उठायचे आणि परत बसायचे. दोन घरांत हाकेचं अंतर, आणि वर्षं गेली. मी त्या काळात खिडकी लावून घ्यायला शिकले.

पुढे बागा आणखी तुटल्या. उचलायला मालच राहिला नाही तेव्हा रशीदभाईंनी मेटाडोर विकला आणि ते बायकोला घेऊन अकोल्याला मुलाकडे निघाले. मुलाचं, अनीसचं, तिथे टायरचं दुकान होतं. सामान ट्रकमध्ये चढत होतं त्या दिवशी गुल्हाने वकिलांनी शेंदुरजनाघाटला एक जागा पाहणी काढली होती. कोणता दावा होता ते मला कोर्टात कुठे सापडलं नाही.

वर्षभराने माझीही बदली अकोल्याला झाली. एका दुपारी लुना पंक्चर झाली आणि ढकलत ढकलत मी ज्या दुकानात पोचले, तिथे टायरांच्या चळतीजवळ खुर्ची टाकून रशीदभाई बसले होते. दाढीची मेंदी उतरली होती. मला पाहून इतके खूश झाले की अनीसला दोनदा चहा सांगितला. घरचं, वरुडचं, कोर्टाचं, सगळं विचारलं. एकच नाव घेतलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "ते अजून दोन कप घेऊन बसतात."

रशीदभाई रस्त्याकडे पाहू लागले. "बेटा, मी खोटं बोललो होतो. मले काय मालूम नाई? आदमी दोस्तासाठी येवढं बी नाई बोलत का? त्याईनं थे चारचौघात पकडलं." मग म्हणाले, "त्याईले सांग. एक डाव माह्यासाठी म्हना, रशीद, तुही चूक होती. चारचौघात बोलले होते, चारचौघातच म्हना. मी पुढच्या एसटीनं वरुडले येतो. तब्येत गिब्येत नाई पाहत."

दिवाळीला अमरावतीला गेले तेव्हा मी मुद्दाम वरुडला गेले. गुल्हाने वकील ओट्यावर होते. केस पांढरे झाले होते, कोट तोच. मी निरोप सांगितला.

"पन चूक माही होती."

"त्यांना ठाऊक आहे."

"मंग काहून म्हनू?"

"त्यांना हवंय म्हणून."

त्यांनी कपातला चहा गार होऊ दिला. समोरच्या उताराकडे पाहत म्हणाले, "मी आयुष्यात खोटी जागा कधी नाई दाखवली, स्टेनोबाई." मला त्यांचा इतका राग आला की तिथेच काहीबाही बोलून बसले असते. पण चेहरा पाहिला. तो माणूस हट्ट करत नव्हता. त्याला ते खरंच जमत नव्हतं, एखाद्याला पोहता येत नाही तसं. "पाहू," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात."

सबंध वकिलीत पुढची तारीख न मागितलेला हा माणूस. आता मी बाररूममध्ये फोन करायची आणि ते तारीख मागायचे. संक्रांतीनंतर पाहू. होळी होऊन जाऊ द्या. मी दुकानावरून जाताना रशीदभाई नुसते भुवया उंचावून विचारायचे आणि मी मान हलवून नाही म्हणायची. उन्हाळ्यात त्यांची खुर्ची दुकानातून आत घरात गेली, मग ते खाटेवर आले. आणि एका सकाळी अनीसच्या दुकानाचं शटर बंद दिसलं.

मी वरुडला फोन लावला. गुल्हाने वकिलांनी एवढंच विचारलं, "कवा?" मग त्यांनी फोन ठेवला नाही. मला पलीकडून बाररूममधल्या हसण्याखिदळण्याचा आवाज येत राहिला.

तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, होती. दुकानासमोर कापडाचा मांडव, खाली सतरंज्या. मी आत रशीदभाईंच्या बायकोजवळ, दाराच्या पडद्यामागे बसले होते. वरुडहून बरीच माणसं आली होती: फळवाले, दलाल, ज्यांनी त्या थट्टेत हौसेने भाग घेतला होता तेही. प्रार्थना झाली, माणसं हलक्या आवाजात बोलू लागली, आणि गुल्हाने वकील आले. भर उन्हात काळा कोट घालून. कोटाची पाठ पहिल्यांदाच स्वच्छ होती.

ते बसले नाहीत. मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि कोर्टात उभं राहून बोलावं तसं, कोर्टातल्याच मराठीत बोलू लागले. "त्या दिवशी माझी स्कूटर भिंतीला लागून उभी होती. स्टँड नीट लावलेलं होतं. रशीदभाईंनी मागे पाहिलं नाही. ते खोटं बोलले नव्हते, मी बोललो होतो. चूक रशीदभाईंची होती."

मांडवात कुजबुज सुरू झाली. मेलेल्या माणसावर दावा लावायला आला, असं कोणीतरी स्पष्ट बोललं. अनीस उठून त्यांच्याकडे निघाला. रडून रडून त्याचे डोळे सुजलेले होते. "वकीलसाब, आज के दिन तो छोड दो. अब्बा अब क्या जवाब देनेवाले हैं तुमको?"

गुल्हाने वकील तसेच उभे होते. हात दोन्ही बाजूंना, मान खाली. समजावून सांगायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

माझ्या शेजारून आवाज गेला. रशीदभाईंची बायको पडद्यामागून बोलत होती, बसल्या जागेवरून, पण मांडवभर ऐकू जाईल असं. "बैठने दे उनको, अनीस. तेरे अब्बा येइच सुनने को बैठे थे. वकीलसाब को चाय दे." मग माझा हात घट्ट धरून तिने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. मी कित्येक वर्षं त्या माणसाची खरी वाक्यं टाइप केली होती. हे एक खोटं तो आयुष्यात बोलला, आणि ते ऐकून मी हुंदके देऊन रडले.

अनीसने खुर्ची दिली. वकिलांनी चहा घेतला. तो त्यांना कसा लागला असेल, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. अमरावतीची गाडी फलाटाला लागलेली होती. ते चढायचं सोडून माझ्यापाशी घुटमळले.

"स्टेनोबाई, आज मी खोटी जागा दाखवली."

"हो."

"बराबर केलं ना?"

"हो, बरोबर केलं."

"उशीर झाला पन," ते म्हणाले. खोटं बोलायची पाळी माझ्यावर आली होती आणि मलाही ते जमलं नाही.

गाडी सुरू झाली. अकोल्याच्या स्टँडवर गाड्या फलाटाला तोंड लावून उभ्या असतात आणि निघताना त्यांना मागे यावं लागतं. इंजिन गुरगुरलं आणि गाडी मागे सरकू लागली तसे गुल्हाने वकील दाराकडे जायचे ते वळले, लगबगीने गाडीच्या मागे गेले आणि त्यांनी पत्र्यावर थाप दिली. "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." आजूबाजूचे प्रवासी पाहू लागले. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून बाजूला व्हायला सांगितलं. ते एकेक पाऊल मागे सरकत, हात हलवत बोलावत राहिले आणि 'बस' काही म्हणेनात. शेवटी कंडक्टर खाली उतरला आणि त्यांना हाताला धरून गाडीत घेऊन गेला.